निवेपर्यंत दम धरा
(पवई येथील प्रौढ वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी एका अगदी लहान वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे काचेचा पोकळ मणी. बोराएवढा असतो. आत काही नसते, नुसती हवा. तळहातावर ठेवला तर वजन कळत नाही. कानातल्या डुलात घाला, माळेत ओवा, कानाला वा गळ्याला भार होत नाही. म्हणून त्याला चार पैसे जास्त मिळतात.

या भागात घरी बसून काम करणाऱ्या बहिणी पुष्कळ आहेत. कोणी माळा ओवतात, कोणी टिकल्या चिकटवतात, कोणी कपड्यांवर मणी टाकतात. त्यातल्या काहीजणींनी विचारले, "मणी विकत आणून ओवण्यापेक्षा मणीच केला तर?" प्रश्न चांगला आहे. ओवणावळ थोडी मिळते. मणी ज्याचा, त्याला जास्त मिळते. तेव्हा मणी जरूर करा. पण करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आजचे भाषण त्या एकाच गोष्टीसाठी आहे.

आपल्यात एक म्हण आहे. शिजेपर्यंत दम धरवतो, पण निवेपर्यंत धरवत नाही. ही म्हण भाताच्या पातेल्यावरून पडली असेल. पण काचेच्या मण्याला ती तंतोतंत लागू पडते. मणी वळायला पाच-दहा मिनिटे लागतात. तो निवायला सबंध रात्र लागते. जो ही रात्र थांबत नाही, त्याचा मणी फुटतो.

आणि फुटतो कधी? तुमच्या हातात असताना फुटला तर बरे. पण तसे होत नाही. तो बाजारात जातो. बाई तो हौसेने घेते. चौथ्या दिवशी डबीत ठेवल्या ठेवल्या त्याला चीर जाते. कोणी हात लावलेला नसतो. मग बाई म्हणते, "दृष्ट लागली." दुसरी म्हणते, "मालच खोटा." तुम्ही तर मन लावून काम केलेले असते. दृष्ट लागलेली नसते आणि काचही खोटी नसते. मणी नीट निवलेला नसतो, एवढेच. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ते हे असं.

काच आहे तरी काय?

काच मुळात वाळूची. पण कुठलीही वाळू चालत नाही, चांगली पांढरी वाळू लागते. नुसती वाळू वितळवायला १७०० अंशांच्या वर उष्णता लागते. पाणी उकळते ते १०० अंशांना. यावरून ती उष्णता केवढी, याचा अंदाज करा. वाळूत सोडा मिसळला की ती कमी उष्णतेला वितळते. पण वाळू आणि सोडा एवढ्याचीच काच केली तर ती पाण्यात विरघळते. म्हणून तीत चुनाही घालतात. वाळू, सोडा आणि चुना, ही झाली आपली रोजची काच. बाटली, खिडकी, बांगडी, सगळे याच कुळातले.

आता बर्फ पाहा. तो बर्फ तरी असतो, नाहीतर पाणी तरी असते. मधली अवस्था नाही. काचेचे तसे नाही. काच गुळाच्या पाकासारखी असते. फार तापली तर पातळ, थोडी निवली तर चिकट, आणखी निवली तर घट्ट. शेवटी कडक. ती नेमकी कुठल्या क्षणी घट्ट झाली, हे डोळ्यांना दिसत नाही. सारी गोम इथेच आहे.

तडा का जातो?

कढत चहा जाड काचेच्या पेल्यात ओतला की कधी कधी पेला तडकतो. हे तुम्ही पाहिले आहे. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी काच टिचते. हेही जुन्या माणसांना ठाऊक आहे. असे का होते?

उष्णतेने वस्तू पसरते, थंडीने आकसते. आपल्या साध्या काचेची एक मीटर लांब कांडी १०० अंशांनी तापवली तर ती सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते. म्हणजे एक मिलिमीटरही नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होते? लोखंडाला काही होत नाही. लोहार तापलेला विळा पाण्यात बुडवतो. त्याला आपण पाणी देणे म्हणतो. विळा ते सोसतो. काचेला ते सोसत नाही. काच दाबली तर पुष्कळ सोसते, पण ताणली तर पटकन तुटते.

आता मणी बत्तीवरून काढला आणि तसाच फरशीवर ठेवला, असे समजा. वारा लागून त्याचा वरचा पापुद्रा आधी निवतो आणि कडक होतो. आतला भाग अजून मऊच असतो. मग तोही निवू लागतो, आकसू लागतो. पण वरचा पापुद्रा आता हलत नाही. आतला भाग आत ओढतो, वरचा अडून बसतो. एका जुवाला दोन बैल जुंपले, त्यातला एक थांबला आणि दुसरा ओढीत राहिला, तर जू करकरते. मण्यातही असेच होते. बैलांना सोडवता येते. मण्यातली ही ओढाताण मात्र तो कडक झाल्यावर कायमची आत अडकून राहते. वरून मणी गुळगुळीत, चकचकीत. आत रस्सीखेच चाललेली. मग एक बारीक ओरखडा, एखादा टोला, थंड-गरम हवेचा फरक, एवढे निमित्त पुरते.

कुंभार हे जाणतो. कच्चे मडके तो कडक उन्हात टाकत नाही. सावलीत ठेवतो. बाहेरचे अंग आधी वाळले आणि आतले ओले राहिले तर मडक्याला भेगा पडतात. मातीला जसे सावलीचे वाळणे, तसे काचेला भट्टीचे निवणे.

या ओढाताणीत जोर किती असतो, त्याची एक जुनी गंमत सांगतो. सतराव्या शतकात प्रिन्स रुपर्ट नावाच्या राजपुत्राने इंग्लंडच्या राजाला काचेचे थेंब आणून दाखवले. वितळलेली काच पाण्यात टपकन टाकली की शेपटीवाला थेंब तयार होतो. त्या थेंबाच्या डोक्यावर हातोडा मारा, तो फुटत नाही. पण त्याची बारीक शेपटी नुसती मोडा. सबंध थेंबाचा एका क्षणात भुगा होतो. ही आतल्या ताणाची करामत. घरी मात्र हा प्रयोग करू नका. काचेचा भुगा डोळ्यांत जातो.

महाराष्ट्रातली काच

आपल्या मुलखाला काच नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी सातवाहन काळातले मणी सापडले आहेत. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जुन्या वस्तू ठेवलेल्या आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. तिथेही काचेच्या बांगड्या व मणी निघाले. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तर पुढे भारतातल्या काचेचा इतिहासच लिहिला. मुंबई विद्यापीठाने तो १९६९ मध्ये छापला. लग्न झालेल्या बाईच्या गळ्यातली काळी पोत घ्या, की कासाराच्या दुकानातला चुडा घ्या. काच आपल्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या आहे.

कारखान्याची काच मात्र अलीकडची. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, अशी साधी कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे प्रमुख होते. तिथे तरुणांना हा धंदा शिकवला गेला. पुढे कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्या जागेला ओगलेवाडी नाव पडले. तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला.

कंदिलाची काच म्हणजे तरी काय? फुगवलेली पोकळ काचच. आत ज्योत, बाहेर वारा. नीट निववलेली नसेल तर ती पहिल्याच रात्री दगा देईल. म्हणून काच फुगवणारा कारखाना कुठलाही असो, तयार काच थेट बाहेर काढत नाहीत. तिला गरम जागेत ठेवून हळूहळू निववतात. शास्त्रात या क्रियेला अनुशीतन म्हणतात. आपण आपले निववणे म्हणू.

हा नियम लहानाला आहे, तसाच थोरालाही आहे. अमेरिकेत पालोमार डोंगरावर एक मोठी दुर्बीण आहे. तिच्या आरशाची काच पाच मीटर रुंद. ती १९३४ च्या डिसेंबरात ओतली. ती निववायला किती दिवस लागले असतील? जवळजवळ दहा महिने! जाडी दुप्पट झाली की निववायला चौपट वेळ द्यावा लागतो, असा हिशेब आहे. आपला मणी बोराएवढा, म्हणून त्याचे काम एका रात्रीत होते. एक रात्र म्हणजे काहीच नाही, होय की नाही?

पोकळ मणी कसा होतो?

पोकळ मणी करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत काचेची नळी तापवून फुंकतात. चेक देशात पोनिक्ला नावाचे गाव आहे. तिथे नळी तापवून पितळी साच्यात फुंकतात आणि एकदम मण्यांची रांग काढतात. मग त्यांना चंदेरी रंग देतात आणि नाताळच्या झाडासाठी सजावट करतात. युनेस्को या जागतिक संस्थेने २०२० साली या हस्तकलेला मानाच्या यादीत घेतले. तेथले मणी फार पातळ असतात आणि त्यांची जाडी सगळीकडे सारखी असते. म्हणून त्यांत ताण कमी राहतो.

दुसरी रीत सळईवरची. ती घरगुती कामाला सोयीची आहे. पोलादाच्या बारीक सळईला मातीचा पातळ लेप देतात आणि वाळवतात. लेप नसेल तर काच सळईला कायमची चिकटेल. मग बत्तीच्या ज्योतीत काचेची कांडी मऊ करून सळईभोवती एक चकती वळतात. थोडे अंतर सोडून दुसरी चकती वळतात. दोन्ही चकत्यांवर काचेचे वेढे देत देत कडा एकमेकींकडे झुकवतात. शेवटी दोन वाट्या तोंडाला तोंड लावून मिटाव्यात तशा त्या मिटतात. आत हवा कोंडली जाते. आता मणी सारखा फिरवत तापवला की आतली हवा पसरते आणि मणी पुरीसारखा फुगतो. पाहायला मोठी मौज वाटते.

पण पोकळ मणी भरीव मण्यापेक्षा नाजूक असतो. त्याची चार कारणे नीट लक्षात ठेवा.

एक. त्याची जाडी सारखी नसते. मधली भिंत अंड्याच्या कवचासारखी पातळ. सळईजवळ दोन्ही टोकांना मात्र काचेचा गोळा जाड. पातळ भाग झटकन निवतो, जाड भाग मागे राहतो. म्हणजे ओढाताण आलीच. निववण्याचा वेळ ठरवायचा तो जाड भागाकडे पाहून.

दोन. चकत्या जिथे मिळतात तिथे सांधा असतो. सांध्यात बारीक घडी राहिली तर ताण तिथेच गोळा होतो. सुरुवातीला कापडाला जिथे कात्री लागते, तिथूनच ते फाटत जाते. काचेचेही तेच. म्हणून सांधा ज्योतीत नीट एकजीव करा. घडी राहिली तर भट्टी ती मिटवणार नाही.

तीन. आतली हवा. भोक सळईने बंद असते. मणी निवला की आतली हवा आकसते आणि तिचा दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याहूनही खाली जाऊ शकतो. काच कडक झाल्यावर गोल आकार तो दाब सोसतो. पण काच मऊ असताना असे झाले तर मण्याला खळगा पडतो.

चार. भट्टी जास्त तापली तर भरीव मणी कदाचित टिकेल, पोकळ मणी बसेल. त्याची भिंत पातळ आहे. त्याला ५२० सांगितले तर ५२० च. "थोडे जास्त ठेवले तर लवकर होईल" असे करू नका. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे व्हायचे.

भट्टी कशी चालवावी?

लहान विजेची भट्टी यासाठी पुरते. तिला उष्णतेचा आकडा दाखवणारे यंत्र असलेच पाहिजे. डोळ्यांनी अंदाज करून हे काम होत नाही. ५२० अंशांना भट्टी उजेडात लाल दिसत नाही. आणि ४५० आहे की ५५०, हे कोणाच्याही डोळ्यांना सांगता येत नाही.

कोणत्या काचेला किती उष्णता? बत्तीवर मणी वळण्याची मऊ सोडा काच साधारण ५१० ते ५२० अंशांना निववतात. बाटली आणि खिडकीची काच साधारण ५४० ते ५५० अंशांना. प्रयोगशाळेत नळ्या-चंबू करतात ती बोरोसिलिकेट काच साधारण ५६० अंशांना. या उष्णतेला काचेतला ताण काही मिनिटांत सैल पडतो, पण मणी आपला आकार सोडत नाही. त्याच्या चाळीस अंश खाली तोच ताण सुटायला तासच्या तास लागतात. आता आकड्याचे महत्त्व कळले ना? काच विकत घेताना तिचा आकडा विचारा आणि लिहून ठेवा.

आता एका दिवसाचे वेळापत्रक मऊ सोडा काचेसाठी सांगतो.

सकाळी काम सुरू करण्याआधी भट्टी ५२० वर आणून ठेवा. बत्तीवर मणी पुरा झाला की ज्योतीबाहेर धरून हळूहळू फिरवा. त्याची लाली गेली की लगेच सळईसकट भट्टीत ठेवा. लाली असताना ठेवला तर तो दबेल. फार वेळ बाहेर राहिला तर तडकेल. मणी एकमेकांना लागू देऊ नका. दार पुन्हा पुन्हा उघडू नका. प्रत्येक वेळी उष्णता खाली येते.

समजा, शेवटचा मणी दुपारी एक वाजता आत गेला. एक ते दोन भट्टी ५२० वर कायम. दोनपासून दर तासाला ६० अंश खाली. म्हणजे तीनला ४६०, चारला ४००, पाचला ३४०. मग भट्टी बंद करा. दार मात्र बंदच ठेवा. सकाळपर्यंत उघडू नका. संध्याकाळी दार किलकिले करून आत डोकावण्याचा मोह होतो. तो आवरा. निवेपर्यंत दम धरा.

भट्टी जवळ नसेल तर? काही कारागीर मणी गरम राखेत पुरतात. काहीजण उष्णता धरणाऱ्या लोकरीसारख्या पट्टीत गुंडाळतात. याने मणी त्या दिवशी तडकत नाही, एवढाच फायदा. त्याला निववणे म्हणत नाहीत. असे मणी पुढे एकत्र करून भट्टीत थंडच ठेवावेत, उष्णता हळूहळू ५२० वर न्यावी आणि मग वरचे वेळापत्रक पाळावे.

आणि एक ताकीद. वेगवेगळ्या काचा मिसळू नका. आपली साधी काच जितकी पसरते, त्याच्या सुमारे तिसरा हिस्साच बोरोसिलिकेट काच पसरते. बाटलीची काच आणि विकतची रंगीत कांडी यांचेही नेहमी जमेल असे नाही. न जमणाऱ्या दोन काचा एका मण्यात आल्या तर कितीही निववा, मणी फुटणारच. भट्टी ताण घालवते. काचांचा स्वभाव बदलत नाही.

निवल्यानंतर

सकाळी मणी हाताला गार लागला की सळई पाण्यात भिजवा. लेप मऊ होतो. पोलाद काचेपेक्षा जास्त आकसलेले असते, म्हणून मणी पिळून सोडवता येतो. आतला लेप पाण्याने धुऊन काढा. धुतानाही पाण्यातच धुवा. कोरडी माती नाकात गेली तर फुप्फुसांना अपाय होतो. पोकळ मण्याच्या पोटात पाणी राहते. तो पुरता वाळल्याशिवाय पुन्हा भट्टीत वा ज्योतीत नेऊ नका. आत वाफ झाली तर मणी फुटून काच उडेल.

मणी नीट निवला की नाही, हे पाहण्याची युक्ती आहे. उन्हाचे काही चष्मे खास असतात. त्यांना पोलराइज्ड म्हणतात. संगणकाचा, किंवा काही मोबाइलचा, पांढरा पडदा त्या चष्म्यातून पाहत चष्मा फिरवा. एका जागी पडदा काळा दिसतो. तिथेच थांबा. आता पारदर्शक मणी पडदा आणि चष्मा यांच्यामध्ये धरा. ताण असेल तर काळोखात मण्यावर उजळ पट्टे दिसतात. गोल आकारामुळे थोडी चमक चांगल्या मण्यातही दिसते. म्हणून एक निववलेला आणि एक न निववलेला मणी शेजारी धरून नजर तयार करा. जे डोळ्यांना दिसत नव्हते, ते असे दिसू लागते.

जिवाची काळजी

मणी फुटला तर दुसरा करता येतो. डोळा गेला तर येत नाही. म्हणून बत्तीपुढे कामाचा चष्मा घालूनच बसा. नायलॉनचा पदर नको, सुती कपडे घाला. केस बांधा. खोलीत वारा खेळता ठेवा. गॅसची टाकी उभी ठेवा, काम झाल्यावर रेग्युलेटर बंद करा. भट्टीखाली जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा वापरू नका, त्याची धूळ घातक असते. रंगीत काच कोरडी घासू नका आणि काम झाल्यावर हात धुऊनच जेवा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. जास्त भाजले असेल तर दवाखान्यात जा.

भट्टी कोणाच्या हाती?

आता शेवटचा मुद्दा. तो मोठा आहे.

एकटीला भट्टी परवडत नाही. दहा-बारा बहिणींनी मिळून घ्यावी. हिशेब सोपा आहे. समजा, एका वेळच्या विजेला ६० रुपये पडले. २० मणी ठेवले तर मण्यामागे ३ रुपये. ६० मणी ठेवले तर मण्यामागे १ रुपया. भट्टीला फारसा फरक पडत नाही, आपल्याला पडतो. म्हणून सर्वांचे मणी एकत्र निववा.

पण एकत्र आले की विश्वास लागतो. भट्टी किती वाजता लावली, कुणाचे किती मणी, कुठली काच, किती अंश, किती वाजता बंद केली, कोणते मणी फुटले, हे सारे वहीत लिहिले पाहिजे. वही असेल तर फुटलेल्या मण्याचे कारण सापडते. वही नसेल तर भांडण सापडते.

ज्याला आकडा वाचता येतो, त्याच्या हाती भट्टी जाते. वाचता येणारा एकच असेल तर बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचे. त्याने घाई केली तरी कळणार नाही. त्याने ५२० ऐवजी ४२० ठेवले तरी कळणार नाही. मणी फुटल्यावर कळेल, आणि तोपर्यंत तुमच्या नावाने बोभाटा झालेला असेल. म्हणून आम्ही म्हणतो, पाटीवर ५, २ आणि ० गिरवलेत ना, ते यासाठीच. आकडा वाचणाऱ्या बाईला कोणी फसवू शकत नाही.

या पवईत तलाव आहे. तो १८९१ साली झाला. तलावाजवळच आय.आय.टी. आहे. तिचे शिक्षण १९५८ मध्ये सुरू झाले आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी इथे तिची कोनशिला बसवली. तिथे धातू आणि पदार्थांच्या शास्त्राचा विभाग आहे. वस्तू तापवली आणि निववली की तिच्या पोटात काय बदल होतो, हा त्या शास्त्राचा मोठा धडा. जाड पुस्तकांतली ती विद्या आणि तुमच्या लहान भट्टीवरचा आकडा यांत फार अंतर नाही. नियम एकच. तो मोठ्या आरशाला लागू, कंदिलाच्या काचेला लागू, आणि तुमच्या बोराएवढ्या मण्यालाही लागू.

तेव्हा घरी जाऊन एवढे आठवा. काच एक जातीची. सांधा एकजीव. आकडा बरोबर. निवणे सावकाश. नोंद वहीत. आणि मणी विकताना मनात धाकधूक नको. घेणाऱ्या बाईने तो मणी लेकीच्या लग्नापर्यंत वापरला पाहिजे. ती पुन्हा तुमच्याच दारात आली पाहिजे.

निववण्याचे काम कोणाला दिसत नाही. मण्याचा रंग दिसतो, आकार दिसतो, चमक दिसते. रात्रभर बंद दाराआड काय झाले, ते कोणी विचारत नाही. पण मणी टिकतो तो त्या रात्रीच्या जोरावर.

आता काही विचारायचे असेल तर विचारा. आणि उद्याच्या वर्गाला पाटीबरोबर एक वही आणा. पहिल्या पानावर तारीख घाला. त्याखाली लिहा: भट्टी, वेळ, अंश. बाकीची पाने तुम्ही भराल.